व्हिनाइलखालचा पत्रा

माझ्या 1972 सालच्या डॉज डार्ट स्विंगरच्या बॉनेटखाली असलेल्या पत्र्याच्या पट्टीवर ‘व्ही 1 एक्स’ हा संकेत आहे. डॉजची मूळ कंपनी क्रायस्लरच्या संकेतांनुसार ही गाडी कारखान्यातूनच काळ्या व्हिनाइल छताची, म्हणजे पत्र्याच्या छतावर चामड्यासारखे दिसणारे प्लास्टिकचे आवरण चिकटवलेली निघाली, म्हणून जुने व्हिनाइल काढून छत नुसते रंगवून मोकळे व्हावे असा सल्ला मिळाला तरी तो मी मानला नाही. जुने व्हिनाइल हीट गनने ऊब देत सोलणे आणि वाळलेला गोंद सॉल्व्हंटने काढणे हे कंटाळवाणे काम होते, पण ते निभावले.

काम अडले ते मागच्या काचेपाशी. या गाडीची मागची काच आतल्या अंगाला खोलगट आहे. येथे मिशिगनमध्ये त्या खोलगटीत बर्फ साचते, वितळलेले पाणी काचेभोवतीच्या चकचकीत पट्ट्यांखाली शिरते आणि व्हिनाइल ती ओल धरून ठेवते. पट्ट्या व काच काढल्यावर दिसले की काचेखालच्या खाचेतील पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या टोकानेही फुटत होता. वेल्डिंगसाठी गाडी एका गॅरेजकडे दिली आणि तेथून पुढे प्रत्येक फोनला एकच उत्तर ऐकले: “शेवटी वरून व्हिनाइलच बसणार आहे, एवढी काळजी कशाला?” आठवड्यांमागून आठवडे गाडी कोपऱ्यात उभी राहिली. अखेर मी जाऊन पाहिले, तेव्हा भोके पुट्टीने बुजवून त्यांवर करडा प्रायमर मारलेला होता. पुट्टीला पत्र्याचे बळ नसते, मागे उरलेला गंज तिच्याआड वाढत राहतो, आणि पुढे काच ज्या खाचेत सील करायची तीच खाच ही होती. एवढे समजावूनही त्यांचा व्हिनाइलवरचा विश्वास ढळला नाही. गाडी उचलून दुसऱ्या वेल्डरकडे नेली. त्याने निरोगी पत्रा लागेपर्यंत कापून नवे तुकडे जोडले. म्हणून सांगतो, प्रायमर मारण्यापूर्वी उघडा पत्रा स्वतः पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

मुळात व्हिनाइल काहीही झाकत नाही. त्याखाली राहिलेला वाळूचा कणही तिरप्या उन्हात उठून दिसतो, त्यामुळे पातळ सुती कापड हाताखाली धरून सबंध छत चाचपावे. छत आणि मागची बाजू जिथे जुळते, तो सांधा अशा गाड्यांवर कारखान्यात अनेकदा ओबडधोबडच सोडलेला असे. तिथे शिसे भरलेले असण्याची शक्यता असते आणि शिशाची धूळ विषारी असते, त्यामुळे तो कोरडा घासू नये. पट्ट्यांच्या क्लिपा धरणारे खिळे तुटले असतील तर प्रायमरपूर्वीच नवे वेल्ड करून घ्यावेत, कारण व्हिनाइल बसल्यावर त्या जागी ठिणगी पाडता येत नाही.

प्रायमर दोन घटकांचा इपॉक्सीच घ्यावा आणि तो पूर्ण पक्का होऊ द्यावा. साधा किंवा अर्धवट वाळलेला प्रायमर गोंदातील सॉल्व्हंटने सुरकुततो. गोंदही व्हिनाइल छतासाठीचा, उष्णता सोसणारा असावा. साधा गोंद उन्हाळ्यात सुटतो. छताची मध्यरेषा मास्किंग टेपने आखून ठेवावी, नाहीतर शिवणी तिरक्या जातात. काच बसवणाऱ्याला मात्र व्हिनाइलनंतरच बोलवावे, कारण व्हिनाइलची कड त्याच खाचेत दुमडून चिकटवायची असते.