मागचं चाक बदललं, त्याची गोष्ट

मागच्या चाकाचा स्पोक तुटतो तो बहुतेक वेळा उजव्या अंगाचा, दातेरी चक्रांच्या मागचा, आणि तोही हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्याजवळ, जिथे तो वाकून भोकात शिरतो तिथे. माझ्या सायकलचं तसंच चाललं होतं. एक बदलावा तर काही आठवड्यांनी त्याच्या शेजारचा जायचा. मग एका रविवारी रिम नीट पुसून पाहिली, तेव्हा खरं दुखणं सापडलं. स्पोक रिमला आवळून धरणारे छोटे नट म्हणजे निपल; तीन-चार निपलांच्या भोकांभोवती बारीक चिरा गेल्या होत्या. ब्रेकच्या रबरांनी रिमची भिंत इतकी खाल्ली होती की तिच्यावर लोखंडी पट्टी टेकवली तर मधून उजेड दिसायचा. अशा रिममध्ये नवे स्पोक ओढण्यात काही अर्थ नव्हता.

सायकल साधीच आहे. २६ इंची चाकं, मागे सात गिअर, रिमला दाबणारे व्ही-ब्रेक, एक्सलला, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्याला, दोन्हीकडे नट. नाशिकमध्ये पंचवटीतून सातपूरच्या कारखान्यात जायला-यायला तीच वापरतो. कॅरिअरवर डबा, पावसाळ्यात रेनकोट, परतताना भाजी. म्हणजे सगळं ओझं मागच्या चाकावर. २६ इंची जाड टायरचं चाक एका फेऱ्यात दोन मीटरच्या थोडं पुढे जातं, म्हणजे किलोमीटरला ४९० फेरे झाले. दर फेऱ्यात प्रत्येक स्पोक चाकाच्या तळाशी आला की त्याचा ताण थोडा उतरतो आणि वर गेला की परत चढतो. दहा किलोमीटरला जवळजवळ पाच हजार वेळा. स्पोक जाडजूड नाही म्हणून तुटतो असं लोकांना वाटतं. तो तुटतो या सततच्या ढिला-ताठ होण्यानं, आणि मुळातच ढिला असलेला स्पोक लवकर तुटतो. हे एवढं सांगतोय कारण पुढे पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे नाही, हे मला यावरूनच ठरवता आलं.

आधी एका मोठ्या दुकानात गेलो. काचेचं दार, भिंतीवर कार्बनच्या सायकली. काउंटरवरच्या मुलानं चाकाकडे न बघताच सांगितलं, "सर, २६ इंचीचं आता काही येत नाही. एक्सचेंजमध्ये देऊन टाका, नवीन घ्या." नवीन म्हणजे बारा हजारांपासून पुढे. मला याचा रागच आला. फ्रेम सरळ आहे, पुढचं चाक धरणारा चिमटा ठीक आहे, पुढचं चाक उत्तम फिरतं, आणि एका चाकासाठी अख्खी सायकल मोडीत? सायकलच्या दुनियेत नाशिकचं नाव मोठं आहे. २०१५ मध्ये इथल्या महाजन बंधूंनी रेस ॲक्रॉस अमेरिका ही अमेरिका आरपार जाणारी सायकल शर्यत पूर्ण केली, त्यानंतर शहरात भारी सायकली घेणारे वाढले, हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि मला त्याचा अभिमान आहे. पण सातपूर-अंबडच्या रस्त्यावर पहिल्या पाळीच्या वेळी उभं राहून बघा. तिथे अजूनही साध्या सायकलवर कामाला जाणारी माणसं आहेत. त्यांना चाक मिळालंच पाहिजे, आणि परवडेल असं मिळालं पाहिजे.

मी कारखान्यात क्वालिटी विभागात असतो, त्यामुळे माप घेतल्याशिवाय बाजारात जाणं मला जमत नाही. घरी चाक काढलं आणि व्हर्निअर घेऊन बसलो.

पहिलं माप टायरवरच लिहिलेलं असतं. मोठ्या अक्षरांत २६ × १.९५, आणि त्याखाली लहान अक्षरांत ५०-५५९. लोक मोठे आकडे वाचतात, कामाचा आकडा हा दुसरा. ५५९ म्हणजे टायर रिमवर ज्या जागी बसतो तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये. कारण '२६ इंची' नावाची चाकं एकाच मापाची नसतात. लेडीज सायकलला बहुधा असतो तो २६ × १ ३/८, त्याचा आकडा ५९०. २६ × १ १/२ असेल तर ५८४. तिन्ही २६ इंचीच म्हणवतात आणि एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. जुन्या काळ्या २८ इंची सायकलचा ६३५, हेही जाता जाता लिहून ठेवतो.

दुसरं माप फ्रेमच्या दोन कानांमधलं आतलं अंतर, जिथे एक्सल खाचेत बसतो. माझं १३५ मिलिमीटर भरलं. साध्या बिनगिअरच्या सायकलला ते ११०-१२० च्या आसपास असतं, गिअरच्या जुन्या सायकलींना १२६ किंवा १३०. दोन-तीन मिलिमीटरचा फरक वॉशरनं निभावतो, त्याहून जास्त असेल तर फ्रेम ओढून-ताणून चाक बसवू नये.

तिसरी गोष्ट मापाची नाही, ओळखायची आहे. मागची दातेरी चक्रं हबवर आटे देऊन बसवलेली आहेत की सरकवून? पहिलीला फ्रीव्हील म्हणतात, दुसरीला कॅसेट. चाक हातात धरा, चक्रं उलटी फिरवा आणि आत जिथे सोडवायचं हत्यार बसतं ते कडं बघा. चक्रांबरोबर तेही फिरलं तर कॅसेट, जागच्या जागी राहिलं तर फ्रीव्हील. माझं फ्रीव्हील निघालं. दोन्हींचे हब वेगळे, त्यामुळे इथे चुकलं की चाक परत करायलाच जावं लागतं. ब्रेक रिमवर आहे की डिस्कवर हे तर दिसतंच. डिस्क असेल तर हबला ती बसवायची जागा हवी.

ऑनलाइनही पाहिलं. स्वस्त चाकं दिसली, पण हबची रुंदी कुणी लिहिलेली नव्हती आणि फोटो पुढच्या चाकाचा. ते सोडून दिलं. भंगारात मिळणारं जुनं चाक काहीजण सुचवतात, पण त्या रिमनं किती ब्रेक खाल्लेत ते कुणी सांगू शकत नाही.

चाक मिळालं भद्रकालीतल्या एका जुन्या दुकानात. वर हुकांना रांगेनं चाकं टांगलेली, बहुतेक लुधियानाचा माल. मालकांना मापं लिहिलेला कागद दाखवला तसे ते म्हणाले, "असं लिहून आणलं की आमचंबी काम सोपं होतं बघा." तीन पर्याय त्यांनी खाली काढले. क्रोमचं लोखंडी ६०० रुपये, सिंगल वॉल ॲल्युमिनियम ९५०, डबल वॉल ॲल्युमिनियम १४००. लोखंडी चाक मजबूत असतं, पण पावसात ओल्या क्रोमवर ब्रेक लागतच नाही म्हटलं तरी चालेल, आणि आमच्याकडचा जुलै मला ठाऊक आहे. म्हणून ते बाद. सिंगल वॉलमध्ये निपल एका पातळ पत्र्यावर टेकलेला असतो. माझ्या जुन्या रिमला चिरा पडल्या त्या तिथेच. डबल वॉलमध्ये आत दुसरी भिंत असते, रिमचा आकार पेटीसारखा बंद होतो आणि ती पिळली जात नाही. साडेचारशे रुपये जास्त होते, पण कॅरिअरवर ओझं नेणाऱ्यानं ते द्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे. रिकाम्या सायकलवर फिरणाऱ्याला सिंगल वॉल पुरेल.

दुकानातच चाक हातात धरून एक्सल बोटांनी फिरवला. अडत अडत फिरला, आत करकर जाणवली. मग दोन-दोन स्पोक जोडीनं दाबून पाहिले. काही ताठ, काही सहज वाकणारे. एवढ्या किमतीचं चाक मशिनवर झटपट बांधलेलं असतं आणि बहुतेक वेळा ढिलं असतं. यात दुकानदाराची फसवणूक नाही. पण हे चाक असंच सायकलला लावलं तर सहा महिन्यांत पुन्हा स्पोक तुटायला लागतात आणि मग माणूस म्हणतो, स्वस्त माल असाच. रिम, स्पोक, हब सगळं कामाचं असतं, फक्त त्यावर माणसाचा हात फिरलेला नसतो.

तो हात आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या मिस्त्रीकाकांचा. दोन्ही चाकं घेऊन गेलो. त्यांनी पहिल्यांदा जुनं चाक मागितलं. "भाऊ, याचे स्पोक कापले तर नाही ना?" नाही म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं. फ्रीव्हील पायडल मारून मारून आट्यांवर घट्ट आवळलेलं असतं. ते सोडवायला अख्ख्या चाकाची तरफ लागते, आणि स्पोक कापून हब सुटा केला की धरायला काही उरतच नाही. काकांनी सोडवायचं हत्यार फ्रीव्हीलच्या खाचांत बसवलं, घसरू नये म्हणून वरून एक्सलचा नट हलकासा लावला, हत्यार टेबलाला बसवलेल्या पकडीत (व्हाइसमध्ये) आवळलं आणि दोन्ही हातांनी चाकच डावीकडे फिरवलं. एक मोठा कडाका झाला आणि फ्रीव्हील सुटलं. दाते बरे होते. चेन आणि फ्रीव्हील एकत्र झिजलेली असतात आणि अशी जोडी न मोडलेली बरी, म्हणून तेच नव्या चाकावर चढवायचं ठरलं. नव्याचे सहा-सातशे वाचले.

मग नव्या चाकाचा हब उघडला. आत ग्रीस नावाला, आणि कोन, म्हणजे छर्ऱ्यांना दाबून धरणारे शंकूसारखे नट, जरुरीपेक्षा जास्त आवळलेले. काकांनी सगळे छर्रे बशीत काढले. मागच्या हबला पाव इंची छर्रे, एका बाजूला नऊ. रॉकेलमध्ये धुऊन, वाट्या पुसून, बोटानं ग्रीस भरून एकेक छर्रा परत बसवला. कोन आवळताना ते एक गोष्ट करतात ती मला फार आवडली. आधी अगदी बारीकसा खेळ ठेवतात, मग कोन जागेवर पक्का करणारा लॉकनट आवळतात. लॉकनट आवळला की तो खेळ आपसूक जातो. त्यानंतर एक्सल बोटानं ढकलला तर आवाज न करता फिरत राहिला.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो स्पोक ताणण्यात. चाक स्टँडवर चढवून काकांनी सगळे निपल थोडे थोडे फिरवत ताण वाढवत नेला. एकदम एका जागी कधीच नाही. मग नखानं एकेक स्पोक छेडत गेले. उजव्या बाजूचे सगळे एका सुरात वाजायला हवेत. डावीकडचे त्याहून खालच्या सुरात, पण आपापसांत सारखे. फ्रीव्हीलला जागा देण्यासाठी उजवीकडची हबची चकती आत सरकलेली असते, म्हणून तिकडचे स्पोक जास्त उभे आणि जास्त ताठ. एखादा ठस्स वाजला की निपलची चावी त्याच्यावर. तबलजी हातोडीनं गजरा ठोकत घर-घर सुरात आणतो, तसंच ते चाललं होतं.

सूर जुळल्यावर त्यांनी स्पोक जोडीजोडीनं मुठीत धरून जोरात आवळले. टिक-टिक आवाज आला. पिळलेले स्पोक सुटे होतात आणि हबच्या भोकात नीट बसतात, त्याचा तो आवाज. त्यानंतर चाकाला थोडा आऊट (डुगडुग) आला. काढला. परत आवळले, परत काढला. आवाज यायचा थांबेपर्यंत हे चाललं. शेवटी चाक उलटं करून स्टँडवर लावलं. रिम मधोमध आहे की एका अंगाला, ते दोन्ही वेळी ती त्याच जागी येते का यावरून कळतं. निपलांची टोकं ट्यूबला लागू नयेत म्हणून जुन्या ट्यूबची पट्टी कापून रिमवर आतून चढवली.

काकांनी ३०० रुपये सांगितले. छर्रे-ग्रीसचे ५० वेगळे. चाकाचे १४०० धरून सगळं १७५० मध्ये झालं. चाकाच्या किमतीत घासाघीस करा, हरकत नाही. पण या तीनशेत करू नका. मी घेतलेलं चाक चांगलं झालं ते त्या तीनशेमुळे. असं काम हातानं करणारे मिस्त्री आता थोडे उरलेत आणि त्यांची मुलं या धंद्यात येताना दिसत नाहीत.

काकांनी बजावलं होतं, शंभरेक किलोमीटर झाले की परत आण. नवे स्पोक थोडे बसतात. नेलं तेव्हा डावीकडचे पाच-सहा निपल पाव-पाव फेरा आवळले, एवढंच काम निघालं, आणि त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. तेव्हापासून ब्रेकच्या दोन रबरांमधून रिम सरळ फिरते आहे. जुन्या चाकाची रिम भंगारात किलोवर गेली. न तुटलेले स्पोक मापाचे होते, ते काकांनी ठेवून घेतले. हबमधला एक्सल आणि कोन मी घरी डब्यात ठेवलेत, कारण हे सुटे भाग माझ्या मापाचे आहेत आणि कधीतरी लागतीलच.