टेस्ट तीन दिवसांची, सही नऊ आठवड्यांनी

आधीच सांगते, मी अजून चिडलेलीच आहे, त्यामुळे यात थोडी चिडचिड येणार. एम.एस्सी. बायोटेकच्या शेवटच्या वर्षाचा माझा प्रोजेक्ट होता, ई-सिगारेटमधे जे फ्लेवर घालतात, दालचिनी, व्हॅनिला, लोण्याचा वास वगैरे, ते फुफ्फुसाच्या पेशींना काय करतात ते बघायचं. विषय सुचला इथे नाशिकला, गंगापूर रोडला. कॉफी प्यायला गेलो तर बाहेर पोरं पेनासारखं काहीतरी ओढत उभी, सगळीकडे गोडसर वास, आणि त्यातला एक आमच्याच ज्युनियरचा मित्र, तो म्हणे काही होत नाही, फ्लेवर तर बिस्किटात पण असतो.

बरोबर आहे, असतो. पण बिस्किट पोटात जातं ना, फुफ्फुसात नाही. डायअसिटिल म्हणून एक केमिकल आहे, लोण्याचा वास येतो तो त्याचाच. २००० साली अमेरिकेत मिसुरी राज्यात एका पॉपकॉर्नच्या फॅक्टरीतल्या कामगारांना त्या बटर फ्लेवरच्या वाफेनं फुफ्फुसाच्या बारीक नळ्यांचा कायमचा आजार झाल्याचं समोर आलं. खाण्यात चालणारी तीच वस्तू श्वासातून गेली की असं. आणि २०१५ मधे हार्वर्डच्या लोकांनी ई-सिगारेटचे ५१ फ्लेवर तपासले तर ३९ मधे डायअसिटिल सापडलं.

माझ्या गाइड मॅडमना विषय आवडला, सिनॉप्सिस, म्हणजे प्रोजेक्टचा आराखडा, पण पटकन झाला. मग फाइल गेली ऑफिसात.

सेल लाइन, म्हणजे लॅबमधे वाढवत ठेवलेल्या पेशी, मागवायचा फॉर्म आणि केमिकलची खरेदी, दोन्हीवर वरची सही लागते, आणि सहीला जायच्या आधी फाइल एका खिडकीवरून जाते. तिथल्या भाऊसाहेबांनी टायटल वाचलं आणि चष्मा काढला. "ताई, ई-सिगारेट बॅन आहे ना? मग तुम्ही आणणार कुठून?" खरं सांगायचं तर प्रश्न चुकीचा नव्हता. २०१९ च्या कायद्यानं विक्री, आयात, जाहिरात सगळंच बंद आहे, पहिल्यांदा सापडलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि नुसता साठा केला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मी म्हणलं अहो मी ई-सिगारेट आणतच नाहीये, फक्त त्यातली शुद्ध केमिकल कंपनीकडून बाटलीत मागवणार. ते म्हणे मग टायटलमधे कशाला लिहिलंय.

झालं, टायटल बदललं. "खाद्य सुगंधी द्रव्यांचा फुफ्फुसाच्या पेशींवर परिणाम." दोन आठवड्यांनी फाइल कमिटीकडून परत, शेरा काय, तर खाद्य द्रव्य असेल तर फुफ्फुसावर का, आतड्याच्या पेशी घ्याव्यात. मी तो शेरा तीनदा वाचला. परत मूळ टायटल टाकलं, तर परत खिडकी, परत चष्मा. मधे गणपती आले, मग भाऊसाहेब रजेवर, मग साहेब मीटिंगला, मग फाइलच सापडेना, सापडली तेव्हा ती कुणाच्यातरी मेडिकल बिलाच्या फाइलीखाली होती. मी रोज पंचवटीतून बसनं यायची, अकराला खिडकीवर उभी, साडेअकराला चहा झाला की या, बाराला उद्या या.

शेवटी रस्ता दाखवला शिपाई काकांनी. ते म्हणे ताई, इथं कुणी आतलं वाचत नाही, वरचा कागद वाचतात, तर वरचा कागद नीट लावा. मग मी एक पानाचं पत्र केलं, पहिल्याच ओळीत ठळक: या प्रकल्पात ई-सिगारेटचं कुठलंही उपकरण किंवा लिक्विड विकत घेतलं, आणलं किंवा साठवलं जाणार नाही. खाली केमिकलची यादी, कंपनीचं कोटेशन, मागे कायद्याची राजपत्रातली प्रत, आणि मॅडमची सही. चार दिवसात फाइल सहीहून आली. नऊ आठवडे गेले होते. हे पत्र पहिल्या दिवशीच लावा, बाकी काही लक्षात नाही राहिलं तरी चालेल.

पेशी आणल्या पुण्याच्या एनसीसीएस या पेशींवर संशोधन करणाऱ्या संस्थेतून, ए५४९ नावाच्या, त्या मुळात फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या आहेत आणि जगभर वापरतात. मी स्वतःच आणायला गेले. फ्लास्क मीडियानं, म्हणजे पेशी ज्यात वाढतात त्या द्रवानं, गच्च भरून देतात म्हणजे हिंदकळून पेशी कोरड्या पडत नाहीत. मला मैत्रिणीनं सांगितलं होतं बर्फ घेऊन जा, नाही, अजिबात नाही, वाढत्या पेशींना बर्फ नको, साधा थर्माकोलचा डबा पुरे. एसटीत तो डबा नाशिकपर्यंत मांडीवर. नारायणगावला शेजारच्या आजींनी विचारलं आत केक आहे का, मी हो म्हणलं.

टेस्ट म्हणजे एमटीटी, किती पेशी जिवंत राहिल्या ते रंगावरून मोजायचं. ९६ खड्ड्यांची प्लेट, पहिल्या दिवशी पेशी टाकायच्या, दुसऱ्या दिवशी फ्लेवर वेगवेगळ्या प्रमाणात, तिसऱ्या दिवशी एमटीटीचं पिवळं द्रावण, जिवंत पेशी त्याला जांभळं करतात, मग ते विरघळवून रंग किती गडद आहे ते मशीनवर ५७० नॅनोमीटरच्या प्रकाशात वाचायचं. एवढंच.

माझी पहिली प्लेट वाया गेली. डायअसिटिल उडून जातं आणि शेजारच्या खड्ड्यात पण उतरतं, त्यामुळे ज्या पेशींना काही दिलंच नव्हतं त्या पण मेल्या. त्याच्या प्लेटला सीलिंग फिल्म लावा, आणि कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीच्या काही न दिलेल्या पेशी, लांब ठेवा. कडेच्या खड्ड्यांत पेशी टाकू नका, पाणी आटतं तिथलं, नुसतं बफर भरा. हां, आणि दालचिनीचं सिनॅमाल्डिहाइड पाण्यात नीट विरघळत नाही, डीएमएसओ नावाचं सॉल्व्हंट लागतं, मग नुसत्या डीएमएसओचा वेगळा कंट्रोल हवाच, मी विसरले होते आणि व्हायव्हाच्या आदल्या दिवशी आठवलं असतं तर रडले असते.

दुसरी प्लेट चांगली आली. व्हॅनिलाचे, म्हणजे व्हॅनिलिनचे, खड्डे बऱ्यापैकी जांभळे. दालचिनीचे वरच्या प्रमाणाचे खड्डे पिवळे ते पिवळेच, एक पण पेशी जिवंत नाही. मी हुरळून लिहून टाकलं की व्हॅनिला सुरक्षित. मॅडमनी लाल पेनानं ते पूर्ण खोडलं. त्यांचं म्हणणं असं, तू बाटलीतलं केमिकल चोवीस तास पेशींवर ओतलंस, वाफ कुठे दिलीस? खऱ्या उपकरणात कॉइल तापते, त्यात लिक्विडमधलं प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन तुटून फॉर्माल्डिहाइड, अ‍ॅक्रोलिन असलं विषारी काय काय तयार होतं. ते बघायचं तर पेशी वरून हवेत उघड्या वाढवायच्या आणि मशीननं मोजून झुरके द्यायचे, ५५ मिलिलिटर, तीन सेकंद, दर अर्ध्या मिनिटाला. ते मशीन आमच्याकडे नाही, आणि त्यात घालायला जे लागेल ते आणता येत नाही. तर वाक्य आता असं आहे, "या परिस्थितीत व्हॅनिलिनची विषाक्तता कमी दिसली." नीरस आहे पण खरं आहे.

थिसिस बांधायला टाकायचा होता गेल्या आठवड्यात. तर रेकॉर्डवर टायटल अजून ते मधलंच आहे, खाद्य सुगंधी द्रव्यांवालं. बदलायला वेगळा फॉर्म लागतो, आणि तो त्याच खिडकीवर मिळतो. भाऊसाहेब सोमवारपर्यंत रजेवर आहेत.