लोदियन रोडवरचं फिल्महाऊस : चढ, चर्च आणि विजेचं बिल

एडिंबराच्या वेव्हर्ली स्टेशनातून बाहेर पडलं की प्रिन्सेस स्ट्रीटने पश्चिमेला सरळ चालत राहायचं, किल्ला डाव्या हाताला ठेवून. रस्ता संपतो तिथे डावीकडे लोदियन रोड वर चढतो. आधी अशर हॉलचा घुमट दिसतो, मग त्याच बाजूला ८८ क्रमांकाची दगडी इमारत. रमतगमत वीस-पंचवीस मिनिटं. पाट्या नसत्या तर मी तिला चर्चच समजले असते, आणि १८३०च्या सुमाराला ती खरोखर चर्च म्हणूनच बांधली होती. १९७९पासून इथे फिल्महाऊस हे चित्रपटगृह.

६ ऑक्टोबर २०२२ला हे दार अचानक बंद झालं. फिल्महाऊस, १९४७पासूनचा एडिंबरा चित्रपट महोत्सव आणि अॅबरडीन शहरातलं बेलमाँट चित्रपटगृह, तिन्ही एकाच धर्मादाय संस्थेच्या पदरात होती. संस्था दिवाळखोरी प्रशासकांकडे गेली आणि १०७पैकी १०२ जणांच्या नोकऱ्या त्याच दिवशी गेल्या. तिघांची तिजोरी एक, म्हणून तिघंही एकदमच बुडाले. माझ्या मते खरी चूक या रचनेतच होती. अॅबरडीनच्या प्रेक्षकांचा एडिंबराच्या हिशेबाशी काय संबंध?

'लोक येईनात' एवढ्यावर हा विषय संपत नाही. १२ पाउंडांचं तिकीट धरू. त्यात २० टक्के व्हॅट आधीच धरलेला, म्हणजे २ पाउंड गेले. उरलेल्या १०मधला निम्मा वितरकाचा धरला, तर थिएटरच्या हातात ५. त्यातून पगार, सफाई, वीज. स्कॉटलंडच्या हिवाळ्यात सभागृहात चाळीस माणसं असोत की चार, हीटिंगचा खर्च तेवढाच. जुन्या ३५ मिमी प्रिंटचं तर आणखी वेगळं. एक रीळ साधारण वीस मिनिटांचं. अभिलेखागारातून आलेली रिळं कापून एकत्र जोडायला सहसा परवानगी नसते. म्हणून दोन प्रोजेक्टर आळीपाळीने चालवावे लागतात, आणि रीळ बदलायला हात बसलेला माणूस केबिनमध्ये शेवटपर्यंत उभा लागतो.

ही तूट भरायला सरकारी अनुदान होतं, पण आकडा वर्षानुवर्षं जागचा हलला नव्हता. आकडा तोच आणि महागाई वाढती, याचा अर्थ दरवर्षी होणारी कपात, फक्त तिला कपात म्हणत नाहीत. त्यात करोनानंतर प्रेक्षक पूर्वीइतके परतले नाहीत आणि २०२२मध्ये विजेचे दर भडकले. घरगुती दराला सरकारी कमाल मर्यादा होती, धंद्याच्या जोडणीला नव्हती. व्यवसायांसाठीची सवलत लागू झाली १ ऑक्टोबरला. दार बंद होण्याच्या पाचच दिवस आधी!

थिएटरसमोर रस्त्यापलीकडे फेस्टिव्हल स्क्वेअर आहे. २०२०मध्ये याच चौकात ५ कोटी पाउंडांचं नवं अकरा मजली फिल्महाऊस उभारायचा बेत जाहीर झाला होता. चौक आजही मोकळा आहे. नव्या इमारतीचं चित्र काढायला सगळ्यांना आवडतं, महिन्याचं बिल भरायला कोणी पुढे येत नाही.

जुनी इमारत २०२३मध्ये एका पब-समूहाने घेतली. जुन्या कर्मचाऱ्यांपैकी काहींनी नवी संस्था काढून तीच जागा २५ वर्षांच्या भाडेकरारावर मिळवली, लोकवर्गणी गोळा केली, ब्रिटन सरकारने १५ लाख पाउंड दिले. २७ जून २०२५ला पडदा पुन्हा उजळला. आता पडदे चार. रांगांमधली जागा वाढवली आहे; लांब पाय असणाऱ्यांची सोय झाली. पण हे १५ लाख नूतनीकरणाचे. पुढच्या जानेवारीतलं हीटिंग तिकीटखिडकीलाच उचलायचं आहे.

तेव्हा जाणार असाल तर अर्धा तास आधी जा आणि आतल्या बारमध्ये बसा. तिकिटात वितरकाचा वाटा असतो. कॉफीच्या कपात नसतो.