एक उडालेला बल्ब आणि माझा क्लेम

मागून ठोकलं म्हणजे चूक मागच्याचीच, हे मी गृहीतच धरलं होतं. गाडीच्या विम्याच्या क्लेम फॉर्मवर 'अपघात कसा घडला' याखाली एकच ओळ खरडली : सिग्नलला थांबत असताना मागच्या गाडीने धडक दिली. मागच्याचं म्हणणं, "तुमचा ब्रेक लाइट लागलाच नाही." मला ती सरळसरळ पळवाट वाटली.

विम्यासाठी नुकसान तपासणारे सर्व्हेअर आले, चेपलेली डिकी बघितली आणि डावा दिवा खोलून बल्ब काढला. काच शाबूत, पण आतून काळी पडलेली. "हा धडकेत गेलेला नाही, आधीच उडालाय." माझ्या पोटात गोळा आला. मग त्यांनी उजव्या बाजूचा फुटका बल्ब उचलला. त्याची तार ताणून वेडीवाकडी झाली होती. तार तापलेली असेल तरच हिसक्याने अशी ओढली जाते; थंड तार तशी ताणत नाही, तुटते. म्हणजे धडकेच्या क्षणी उजवा दिवा पेटलेला होता. त्या तारेने मला वाचवलं म्हणायचं!

शेवटी ठरलं : ८० टक्के चूक त्याची, २० टक्के माझी.

मी घाबरले होते ते वेगळ्याच गोष्टीला. चूक निघाली, आता क्लेम गेला! पण माझी पॉलिसी काँप्रिहेन्सिव्ह होती. माझ्या गाडीची दुरुस्ती तिच्यातून होणारच होती, चूक कोणाचीही असो. नुसती थर्ड पार्टी, म्हणजे फक्त समोरच्याचं नुकसान भरून देणारी, असती तर मात्र त्याच्या विमा कंपनीच्या तोंडाकडे बघत बसावं लागलं असतं, आणि तिथूनही माझे २० टक्के कापूनच पैसे मिळाले असते. त्याच्या बंपरच्या खर्चातला २० टक्के वाटा माझ्या थर्ड पार्टी कव्हरमधून गेला.

पूर्ण बिल मिळालं असं नाही. डिडक्टिबल, म्हणजे क्लेममधला आपण स्वतः भरायचा ठरलेला भाग, माझ्या खिशातून गेलं, प्लॅस्टिकच्या भागांवर घसारा (वापराने घटलेली किंमत) कापला, दारावरचा जुना ओरखडा मी हळूच यादीत घुसवला होता तो सर्व्हेअरनी तितक्याच हळूच खोडला. काही महिन्यांनी आमच्या कंपनीने त्याच्या कंपनीकडून वसुली केली, तेव्हा डिडक्टिबलमधले ८० टक्के परत आले. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गेला तो गेलाच.

आणि तो डावा बल्ब? गॅरेजवाल्याने त्याचं बिल वेगळं फाडलं. झीज विम्यात बसत नाही.