चार नंबरचा कॉम्प्युटर

लायब्ररीतले पब्लिक कॉम्प्युटर मी सांभाळतो. त्या दिवशी सकाळी एक मुलगा काउंटरवर आला, म्हणाला, सर, चार नंबरवर लॉगिन करायला गेलो तर दुसऱ्याच कुणाचं तरी नाव आणि पासवर्ड आपोआप भरून आला. मी जाऊन सेव्ह केलेल्या पासवर्डची यादी उघडली आणि पोटात गोळाच आला. मेल, बँक, नोकरीच्या साइट, खाली खाली जातोय तरी यादी संपेना, आणि त्यातली कितीतरी नावं रोज समोर बसणाऱ्या माणसांची. सगळे एकाच प्रोफाइलवर बसतात, ब्राउझर विचारतो सेव्ह करू का, माणूस घाईत हो म्हणतो आणि उठून जातो.

लगेच क्रोम ब्राउझरच्या पॉलिसी, म्हणजे वापरणाऱ्याला बदलता न येणारे नियम, लावायला बसलो. पासवर्ड मॅनेजर, ऑटोफिल (माहिती आपोआप भरणं), ब्राउझरचं साइन-इन, एक्स्टेन्शन (वरून जोडायच्या सोयी) सगळं बंद, इन्कॉग्निटो, म्हणजे बंद केल्यावर हिस्ट्री आणि लॉगिन मागे न ठेवणारी विंडो, सक्तीचं. पण पासवर्ड मॅनेजर बंद केला तरी फक्त नवीन सेव्ह व्हायचे थांबतात, आधीचे तसेच राहतात, ते वेगळे पुसावे लागतात. हे कामाचं आहे, लक्षात ठेवा. आणि इन्कॉग्निटो लावलं म्हणजे झालं असंही नाही. टेस्टच्या मेलला लॉगिन केलं, विंडो तशीच ठेवून उठलो, चहा पिऊन आलो तर मेल उघडाच! सगळ्या इन्कॉग्निटो विंडो बंद होईपर्यंत लॉगिन टिकून राहतं, आणि उठताना विंडो आठवणीने बंद करणारे किती? मग काही मिनिटं कुणी हात लावला नाही तर ब्राउझर आपोआप बंद होईल अशी पॉलिसी लावली.

इथे थांबायला हवं होतं. पण सकाळची भीती डोक्यात होती, त्या भरात फाइल निवडायची विंडोसुद्धा बंद करून टाकली, कारण तिच्यातून कुणीही सी ड्राइव्हमध्ये डोकावू शकतं. दुपारी एक ताई आल्या, नोकरीच्या अर्जाला बायोडेटा जोडायचा होता, मुदत त्याच संध्याकाळची. बटण दाबतायत, फाइल निवडायची विंडो उघडतच नाही, पेनड्राइव्ह काढून परत लावला, परत दाबलं, शेवटी माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "माझंच काहीतरी चुकतंय का हो?"

फार लागलं ते. त्यांचं काही चुकलं नव्हतं, चूक माझी होती, आणि तसं त्यांना सांगितलं. ती पॉलिसी काढली, अर्ज गेल्याचा मेल येईपर्यंत शेजारी थांबलो. सी ड्राइव्ह लपवायला विंडोजची ग्रुप पॉलिसी, म्हणजे विंडोजचा स्वतःचा तसाच नियम, होतीच, ती आता लावली.

यादी पुसली, पण ते पासवर्ड कुणी कुणी पाहिले असतील कोण जाणे. प्रत्येक मशिनवर मोठ्या अक्षरात कागद चिकटवला: इथे लॉगिन केलं असेल तर पासवर्ड बदला, जमत नसेल तर काउंटरवर या. पहिले आले ते रोज पेपर वाचायला येणारे एक आजोबा. मेल आणि बँक मिळून तासभर लागला. ते एका बोटाने नवा पासवर्ड टाइप करत होते आणि मी त्यांच्याकडे पाठ करून उभा होतो.