उलटा ससा

आमच्या घरी दोऱ्याची रिळं डब्यात नसतात. शिवणयंत्राशेजारी भिंतीला एक जाड कातडी पट्टा टांगलाय, त्याच्या घरांत आई रिळं खोचून ठेवते. लाल, पांढरं, काळं, आणि वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेलं एक पोपटी. पट्टा आजोबांचा, बाराबोरच्या काडतुसांचा. बंदूक मी पाहिलेली नाही. आजोबा गेल्यावर परवाना कुणी आपल्या नावावर करून घेतला नाही, वडिलांनी ती पोलीस ठाण्यात जमा केली आणि विषय मिटला. मागे राहिला पट्टा आणि गोष्टी. यवतच्या अलीकडचा माळ, भल्या पहाटे निघायचं, तितर, ससा, आणि एकदा म्हणे समोरासमोर लांडगा.

मी हडपसरच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत क्वालिटीत आहे. वीस वर्षं शाफ्ट मोजतोय. गेल्या दिवाळीत, सुट्टीच्या तिसऱ्या दिवशी, फराळ खाऊन सुस्त पडलो असताना नजर त्या पट्ट्यावर गेली आणि बायकोला म्हणालो, मला शिकार शिकायचीय. वय वर्षं ४४. ती म्हणाली, "आधी ओट्याखालची झुरळं मार."

माणूस नवीन काही शिकायचं म्हटलं की आधी वस्तू विकत घ्यायला निघतो. मीही मोबाइलवर बंदुकाच बघत बसलो. तेवढ्यात एक गोष्ट कळली, ती सांगतो, कारण मोजमापवाल्या माणसाला ती फारच आवडली. बाराबोर म्हणजे १२ मिलिमीटर नव्हे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातल्या एका गोळीचा जो व्यास, ती नळी बाराबोर. साधारण साडेअठरा मिलिमीटर. म्हणजे आकडा वाढला की नळी लहान होते. आमच्या ड्रॉइंगवर असं कुणी लिहिलं असतं तर मी शेरा मारून परत पाठवलं असतं.

कॅम्पातल्या एका दुकानात एअरगन पाहिली. पॉइंट एकशे सत्त्याहत्तर इंच नळीची, म्हणजे साडेचार मिलिमीटर. छऱ्याची ताकद २० ज्यूलच्या आत असेल तर तिला परवाना लागत नाही, २०१६ च्या शस्त्र नियमांत तशी सूट आहे. मला वाटलं, झालं, मार्ग सापडला. चुलतबहिणीचे यजमान वनखात्यात आहेत, त्यांना लगेच फोन लावला.

"दाजी, एअरगनला लायसन लागत नाही म्हणे."

"गनला नाही लागत. आत जायला पण नाही लागत."

मग त्यांनी अर्धा तास माझी शाळा घेतली. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा काही प्राण्यांच्या शिकारीचे परवाने मिळायचे. १९९१ च्या दुरुस्तीनं हौसेची शिकार पुरती बंद झाली. जीवावर उठलेलं जनावर किंवा तसली खास कारणं असतील तर वरिष्ठ वनाधिकारी लेखी परवानगी देऊ शकतात, पण ती तुझ्यामाझ्या रविवारासाठी नसते. ससासुद्धा नाही, तितरही नाही. चिंकारा किंवा लांडग्याला हात लावलास तर तीन ते सात वर्षं. आणि मला ठाऊक नव्हतं ते हे, की कायद्याच्या व्याख्येत शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही. फासा लावणं, सापळा लावणं, हाका घालून पळवणं, आमिष टाकणं, घरट्यातली अंडी हलवणं, यातलं काहीही करण्याचा नुसता प्रयत्न, सगळं शिकारच. रात्री मोटारसायकलच्या उजेडात सशामागे गाडी घालणारी पोरं ज्याला गंमत म्हणतात तीही.

मी गप्प. दाजींना बहुतेक दया आली. म्हणाले, "आईला विचार, तुझे आजोबा दिवसभर रानात नेमकं करायचे काय?"

विचारलं. आई सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, "काय करणार? खाली मान घालून फिरायचे. चार दिवसांनी एक ससा यायचा, त्याचा रस्सा पण सगळ्यांना पुरायचा नाही."

खाली मान घालून फिरणं बेकायदा नव्हतं. तर तेवढंच शिकायचं ठरवलं. माग काढायला.

सुरुवात दिवेघाटाच्या पायथ्याला, वडकीच्या मस्तानी तलावापासून. घरून वीस मिनिटं. पाणी आटत जातं तसा काठाला मऊ चिखल उघडा पडतो, आणि रात्री जे जे पाण्यावर येतं ते सही करून जातं. पहिल्या रविवारी मी खिशात व्हर्निअर, म्हणजे आमची बारीक मापं घ्यायची पकड, घेऊन गेलो आणि तीन तासांत सत्तावीस ठसे मोजून वहीत लिहिले. घरी येऊन पाहतो तर सव्वीस कुत्र्याचे आणि एक बहुधा माझाच, टाचेचा.

तरी ते वाया गेलं नाही. कुत्रा पुरता पाठ झाल्याशिवाय दुसरं काही ओळखता येत नाही, हे मी आता छातीठोकपणे सांगेन. चार बोटं, पुढे नखांचे टोचे, गादीच्या मागच्या कडेला दोन फुगवटे. मांजरकुळातल्या जनावराची नखं आत ओढलेली, म्हणून ठशात येत नाहीत, आणि गादीच्या मागे तीन फुगवटे दिसतात. मग ते घरचं मांजर असो की बिबट्या. पक्ष्यांमध्येही मजा आहे. बगळ्याचं मागचं बोट लांबलचक उमटतं, शेकाट्याला मागचं बोटच नाही, त्यामुळे त्याचा ठसा मागून कापल्यासारखा दिसतो.

सकाळी साडेनऊनंतर मात्र तोच चिखल कोरा दिसायला लागतो. ठसे असतात, पण ऊन डोक्यावर आलं की कडांची सावली नाहीशी होते. आम्ही पृष्ठभागावरचा ओरखडा बघायला बॅटरी तिरकी धरतो, तेच हे. सूर्य समोर ठेवायचा, ठसा मध्ये, आणि गुडघे टेकून बघायचं. हे मला कुणी शिकवलं नाही. नोकरीनं शिकवलं.

पुढचं सगळं नानांचं. दाजींच्या ओळखीतून सुप्याजवळच्या एका वाडीवरचे मेंढपाळ. वय सत्तरीच्या पुढे, डोक्याला लाल पटका, हातात काठी, आणि माझ्याबद्दल शून्य आदर. चौफुल्यावरून मोरगावच्या रस्त्याला लागलं की सुपे येतं. तिथंच मयूरेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, चिंकाऱ्यांसाठी राखलेलं. अभयारण्यात आपण वाट सोडून कुठंही भटकू शकत नाही, आणि ते बरोबरच आहे. आम्ही फिरायचो ते बाहेर, गायरानात आणि नानांच्या पडीक तुकड्यात. जनावरांना हद्द कुठं ठाऊक असते.

पहिल्याच दिवशी गाडीवाटेच्या फुफाट्यात मला सशाचा माग सापडला. सापडला म्हणजे नानांनी काठीनं दाखवला. दोन मोठे ठसे शेजारी शेजारी, दोन छोटे एकामागे एक. मी खूश. मोठे म्हणजे मागचे पाय, मागचे पाय मागे, म्हणजे ससा छोट्या ठशांच्या दिशेनं गेला. चला. पंचवीस पावलं, पन्नास पावलं, वाट सोडून कुसळी गवतात, मग बाभळीखाली. तिथं माग संपला. एक गवत दबलेली उबदार खोळ, आणि आत लेंड्या.

नाना जागचे हललेच नव्हते. लांबून ओरडले, "घावला का?"

"इथनं पुढं काहीच नाही!"

"नसंलच की. तितनंच निघालाय त्यो."

ससा उडी मारतो तेव्हा पुढचे पाय आधी टेकतात आणि मागचे त्यांच्या पुढे येऊन पडतात. मोठे ठसे असतात ती पुढची बाजू. मी तासभर सशाच्या मागे नाही, सशाच्या भूतकाळात चाललो होतो. घरी हे सांगितल्यापासून मुलगी मला 'उलटा ससा' म्हणते.

दुसरी फजिती तरसाची. ओढ्याच्या वाळूत एकाच रेषेत दोन मापांचे ठसे. मी दहा रुपयांचं नाणं शेजारी ठेवून फोटो काढले (नाणं २७ मिलिमीटरचं, पट्टी विसरली तर उपयोगी), व्हर्निअर लावलं आणि जाहीर केलं, दोन जनावरं, एक मोठं, एक लहान, बरोबरीनं चाललेली. नाना हसले नाहीत, नुसते पुढं चालत राहिले आणि थोड्या अंतरावर काठीनं एक पांढरीफेक विष्ठा दाखवली. खडूसारखी. हाडं खाणाऱ्याची. तरसाचे पुढचे पंजे मागच्यांपेक्षा मोठे असतात, जनावराचा सगळा भारच पुढं. एकाच जनावराची दोन मापं. वीस वर्षांच्या अनुभवावर मी एक अख्खं तरस जास्तीचं दाखवलं होतं.

तेव्हापासून व्हर्निअर घरी. त्याऐवजी एक हातभर वेळूची काठी नेतो, तिला दोन रबरबँड. एका ठशापासून पुढच्या ठशापर्यंतचं अंतर रबरबँडनं पक्कं करायचं. माग हरवला की शेवटच्या ठशावर काठीचं टोक ठेवून ती अर्धगोल फिरवायची, रबरबँडच्या रेषेवर कुठंतरी पुढचा ठसा असतोच. एक वाकलेलं गवत, एक उलटलेला खडा, तेवढंही पुरतं. नानांना काठी आवडली, पण त्यांना ती लागत नाही. त्यांचं एकच म्हणणं: "पायाकडं बघू नगा. म्होरं बघा. तुमी जनावर असता तर कुनीकडनं गेला असता?" मी दर वेळी पायाकडेच बघतो.

ताजेपणा ओळखणं मला अजून नीट जमत नाही. ठशाच्या कडा वाऱ्यानं किती बोथट झाल्यात, आत रात्रीच्या किड्यांची नक्षी उमटलीय का. नक्षी ठशावरून गेली असेल तर जनावर किड्यांच्या आधी गेलं, नक्षी ठशाखाली दबली असेल तर नंतर. शंका आली की शेजारी आपला अंगठा दाबून ताजा ठसा करायचा आणि दोन्ही ताडून बघायचे. चिंकाऱ्याचा खूर शेळीपेक्षा निमुळता आणि टोकदार, हे वाचायला सोपं आहे. तीनशे शेळ्या-मेंढ्या गेलेल्या वाटेवर तो शोधून दाखवा. मी शोधला, चौथ्या महिन्यात, एक. ज्यांना इतका खटाटोप नको आणि जनावरं नुसती बघायचीत, त्यांच्यासाठी वनखात्याची गवताळ सफारी आहे, इंदापूरला कडबनवाडीत आणि बारामतीला शिर्सुफळला. ऑनलाइन नोंदणी करायची, गावातलाच वाटाड्या बरोबर येतो. मी सहकुटुंब गेलो, चिंकारे पाहिले, बायकोलाही आवडलं. मी मात्र सारखा जीपमधून खाली वाकून बघत होतो, शेवटी वाटाड्यानं विचारलं, काही पडलं का साहेब.

लांडग्याचं काय, तर त्याचा ठसा मी पाहिलाय असं मी शपथेवर सांगणार नाही. गावच्या कुत्र्यापेक्षा मोठा, लांबट, मधली दोन बोटं पुढं आलेली. पण मोठं कुत्रंही तसं असू शकतं. फरक एका ठशात नसतो, चालीत असतो. कुत्रं हुंगत, रेंगाळत, नागमोडी जातं. लांडग्याला कामावर वेळेत पोचायचं असतं.

फेब्रुवारीत एका शनिवारी नानांचा फोन आला. हे पहिल्यांदाच. "उद्या येताय न्हवं? ती तुमची मोजायची पकड घिऊन या."

गेलो. शेजारच्या वाड्यातली दोन कोकरं आदल्या रात्री गेली होती, एक जाळीबाहेरच फाडून टाकलेलं. पाच-सहा माणसं जमलेली, लांडगाच म्हणून सगळ्यांचं ठरलेलं, आणि ओढ्यापलीकडच्या बिळात धूर घालायचं बोलणं चाललेलं. नाना मला वाघराच्या, म्हणजे मेंढरांभोवती लावलेल्या जाळीच्या, कडेला घेऊन गेले आणि म्हणाले, "मोजा."

मी गुडघे टेकले. सकाळचे साडेसात, ऊन तिरकं, आयुष्यात पहिल्यांदा उजेड माझ्या बाजूनं. कमीत कमी तीन वेगवेगळी मापं. एका पंज्याचं बाहेरचं बोट नाही. सगळे माग वेडेवाकडे, एकमेकांवरून गेलेले, आणि शेवटी सगळे एकाच दिशेला, डांबरी रस्त्याच्या कडेला, जिथं कुणीतरी मेलेल्या कोंबड्या आणून टाकतं. तिथं ती झोपली होती, चार कुत्री. एक लंगडत उठलं, भुंकलं, आणि पुन्हा पसरलं. त्याच्या डाव्या पुढच्या पंज्याला एक बोट कमी होतं.

परत येऊन मी वहीत काढलेली चित्रं दाखवली, मापं वाचली. माणसं थोडा वेळ वहीत बघत राहिली. एकजण म्हणाला, वनखात्याला लांडगा सांगितलं तर भरपाई तरी मिळंल, कुत्र्याची कोण देनार? कुणी उत्तर दिलं नाही. धुराचं बोलणं पुन्हा निघालं नाही एवढं खरं.

जाताना मी नानांना विचारलं, "तुम्हाला तर बघताक्षणी कळलं असणार. मला कशाला बोलावलंत?"

"माजं कोन ऐकतंय. तुमच्याकडं यंत्र हाय."

"पण लांडग्यानं तुमची पण मेंढरं नेलीत ना?"

"नेलीत की. धा-बारा. त्याला शिव्या घालायला मला ठसा लागत न्हाय." नानांनी पटका सोडून पुन्हा बांधला. "पर ही त्याची न्हाईत."

पुढच्या रविवारी निघताना आईनं पट्टा खिळ्यावरून काढला आणि म्हणाली, आजोबांचा आहे, बांधून जा हवा तर. बांधला. शेवटच्या घराला आला. तेवढ्यात तिला पोपटी दोरा हवा झाला, म्हणून सोडून ठेवला.