इमॅजिकाजवळचा मुक्काम: नवी मुंबईकरांनी खोली घ्यावी का?

थीम पार्क आणि वॉटर पार्क असे दोन पार्क असलेल्या खोपोलीच्या इमॅजिकाला जाताना पार्कला लागून असलेल्या हॉटेलात रात्र काढावी की नाही, हा प्रश्न नाशिककर किंवा कोल्हापूरकर कुटुंबाला फारसा पडत नाही. एवढ्या लांबून आल्यावर कुठे तरी पाठ टेकावीच लागते. आमच्या नेरूळहून मात्र हे अंतर पन्नास-साठ किलोमीटरचे आहे. द्रुतगती मार्गावरून खोपोली-पालीच्या फाट्याला बाहेर पडायचे असल्याने बोरघाट चढावाही लागत नाही. सकाळची वाहतूक सुरळीत असेल तर सव्वा तासात माणूस दारात पोहोचतो. त्यामुळे आम्ही खोली घेण्याचा विचार बोलून दाखवताच सासूबाईंनी विचारले, ‘‘घर तासाभरावर असताना झोपायला एवढे पैसे कशाला घालायचे?’’ प्रश्न अगदी रास्त होता, आणि त्याचे उत्तर शोधतानाच सहलीचा सगळा आराखडा तयार झाला.

आमच्या घरात पाच वर्षांचा धाकटा, अकरा वर्षांची थोरली आणि गुडघ्यांच्या दुखण्यामुळे फार चालू न शकणाऱ्या सासूबाई आहेत. ठाण्याला घोडबंदर रस्त्यावर राहणारी नणंद आणि तिची दोन मोठी मुले आमच्यासोबत येणार होती. त्यांनी मुक्काम न करता एकाच दिवशी जाऊन परतायचे ठरवले, आम्ही खोली घेतली. एकाच सहलीत दोन्ही पर्याय शेजारी-शेजारी पाहायला मिळाल्यामुळे पुढे लिहिलेले मत केवळ अंदाजाने बनवलेले नाही.

सर्वांत आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. हॉटेलात राहिल्याने सकाळी लवकर पार्कात शिरता येईल आणि रांगा टळतील, या आशेने अनेक जण खोली घेतात. इमॅजिका साधारण साडेदहा-अकराच्या सुमारास उघडतो. नेरूळ, खारघर किंवा पनवेलहून साडेआठला निघालेले कुटुंबही दार उघडण्यापूर्वी तेथे हजर असते, म्हणजे सकाळच्या वेळेसाठी खोलीचे पैसे मोजण्यात काही अर्थ नाही. ठाणेकरांना मुंब्रा बायपास आणि शिळफाटा किंवा ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडून कळंबोली गाठायची असल्याने तासभर आधी निघावे लागते, एवढाच फरक.

खोली उपयोगी पडते ती दुपारी. पाच वर्षांच्या मुलाचा उत्साह अडीच-तीनपर्यंत टिकतो. त्यानंतर तो कशावरूनही रडतो, कडेवर बसायचे म्हणतो आणि संध्याकाळच्या परेडच्या वेळी खांद्यावर झोपलेला असतो. ही वेळ गार खोलीत आंघोळ आणि तासभर झोप यांत गेली तर त्याच मुलाला संध्याकाळ पुन्हा उमेदीने घालवता येते. आमच्या पैशांचा मोबदला आम्हाला त्या दोन तासांत मिळाला, रात्रीच्या गादीवर नव्हे. सासूबाईंच्या बाबतीतही हेच खरे ठरले; त्या नातवंडांबरोबर अकरापासून दीडपर्यंत मजेत होत्या आणि नंतर पाय वर करून पडायला हक्काची जागा मिळाल्याने संध्याकाळी पुन्हा आमच्यात आल्या.

मात्र दुपारचा हा लाभ आपोआप मिळत नाही. हॉटेलात खोली साधारण दोन-तीन वाजता हाती येते आणि दुसऱ्या दिवशी अकरा-बाराला सोडावी लागते. म्हणजेच एका रात्रीच्या मुक्कामात हक्काची दुपार फक्त पहिल्या दिवशी मिळते, म्हणून कोणता पार्क कोणत्या दिवशी करायचा याचा विचार आधी करावा. आम्ही पहिल्या दिवशी वॉटर पार्क आणि दुसऱ्या दिवशी थीम पार्क ठेवला. सकाळी आल्याबरोबर बॅगा हॉटेलच्या स्वागतकक्षात ठेवल्या, पाण्यात घालायचे कपडे तेवढे बरोबर घेतले आणि तीनच्या सुमारास भिजलेल्या मुलांना थेट खोलीत नेले. ओले कपडे रात्रभर न्हाणीघरात वाळले. हाच क्रम उलटा केला तर दुसऱ्या दिवशी खोली सोडल्यानंतर ओल्या कपड्यांची पिशवी गाडीत घेऊन, सार्वजनिक कपडे बदलण्याच्या खोल्यांत रांग लावून घरी परतावे लागते. वॉटर पार्कमध्ये सुती कपड्यांना परवानगी नसते. नायलॉनचे किंवा लायक्राचे पोहण्याचे कपडे घरून न्यावेत, कारण दारावर ते विकत किंवा भाड्याने घेणे विनाकारण महाग पडते. मोठ्यांनीही हे ध्यानात ठेवावे, कारण मुलांचे कपडे न विसरणारे पालक स्वतःचे हमखास विसरतात.

आता पैशांविषयी. खोलीचे दर वार, हंगाम आणि सुट्ट्या यांप्रमाणे इतके बदलतात की एखादा आकडा सांगण्यात अर्थ नाही, पण कराचा हिशेब पक्का आहे आणि तो फार थोडे लोक करतात. २२ सप्टेंबर २०२५पासून एका रात्रीचे भाडे ७,५०० रुपयांपर्यंत असलेल्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरील भाड्याच्या खोलीवर १८ टक्के. त्यामुळे ७,४०० रुपयांची खोली करासह ७,७७० रुपयांना पडते, तर ७,६०० रुपयांची खोली ८,९६८ रुपयांना. भाड्यातला दोनशे रुपयांचा फरक प्रत्यक्षात जवळजवळ बाराशेचा होतो. दर या सीमेच्या आसपास असेल तर वार बदलून पाहावा. रविवारऐवजी सोमवारची रात्र घेतल्याने खोली सीमेच्या खाली येऊ शकते. महागड्या खोल्यांच्या हॉटेलातील उपाहारगृहातल्या जेवणावरही १८ टक्के कर लागतो, बाहेरच्या साध्या उपाहारगृहात तो ५ टक्के असतो. म्हणून नाश्ता खोलीच्या भाड्यात धरलेला असावा आणि रात्रीचे जेवण कुठे घ्यायचे हे आधी ठरलेले असावे. आम्ही पहिल्या रात्री घरून आणलेले ठेपले, दही आणि लोणचे खोलीत खाल्ले आणि त्यात कोणाला काही कमी वाटले नाही.

नणंदेच्या कुटुंबाने खोलीवर खर्च न करता थीम पार्कची एक्सप्रेस, म्हणजे लांब रांग टाळून राइड घेता येणारी, तिकिटे घेतली. तिची मुले तेरा आणि पंधरा वर्षांची आहेत. त्यांना दुपारी झोप नको होती, नायट्रो पुन्हा पुन्हा हवी होती. नायट्रो ही तळ नसलेल्या डब्यांची, पाय लोंबकळत ठेवणारी राइड आहे. तिच्यासाठी, स्क्रीम मशीनसाठी आणि अंधारात धावणाऱ्या डीप स्पेससाठी गर्दीच्या दिवशी मोठी रांग लागते. या वयाच्या मुलांच्या दृष्टीने एक्सप्रेस तिकिटातून मिळालेला वेळ खोलीपेक्षा मोलाचा आहे, आणि ती मुले रात्री अकराला ठाण्यात पोहोचली तरी त्यांना काही वाटत नाही. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, मुले दहा-अकराच्या वरची असतील आणि घर ठाण्यात किंवा नवी मुंबईत असेल तर खोली घेऊ नये. तेच पैसे रांग टाळण्यासाठी खर्च करावेत आणि शनिवार-रविवार सोडून जावे. चार ते आठ वर्षांचे मूल किंवा घरातली वडीलधारी माणसे बरोबर असतील आणि दोन्ही पार्क करायचे असतील, तर खोली घ्यावी. केवळ एकच पार्क करायचा असेल तर कोणीही घेऊ नये. तीन वर्षांखालील मुलाला हा सगळा प्रकार झेपणाराही नाही आणि समजणाराही नाही. त्याच्यासाठी नेरूळचे वंडर्स पार्क पुरेसे आहे.

उंचीचा नियम घरीच तपासून निघावे. मुलांना राइडमध्ये घ्यायचे की नाही हे वयावर नव्हे, उंचीवर ठरते, आणि प्रत्येक राइडच्या तोंडाशी मोजपट्टी असते. निघण्यापूर्वी भिंतीवर मुलाची उंची सेंटीमीटरमध्ये मोजून, पार्कच्या संकेतस्थळावरील यादीशी ताडून, कोणत्या राइड मिळणार नाहीत हे मुलाला घरीच सांगितले तर रांगेच्या शेवटी होणारे रडणे टळते. आमच्या धाकट्यासाठी उडत्या हत्तींची टबी टेक्स ऑफ आणि मॅजिक कॅरोसेल यांनी अर्धा दिवस भरला. सलीमगढमध्ये मात्र पाच-सहा वर्षांच्या मुलाला नेऊ नये, ते भयगृह आहे. आय फॉर इंडियामध्ये लटकत्या आसनांवर बसून देशातली स्थळे आकाशातून पाहिल्यासारखी दिसतात. ती सासूबाईंनाही आवडली. राजासॉरस या पाण्याच्या राइडमध्ये हमखास भिजायला होते, म्हणून ती दिवसाच्या शेवटी ठेवू नये. थोरलीला तेथे मी सांगितले की, राजासॉरस हा केवळ पार्कवाल्यांनी रचलेला प्राणी नाही. गुजरातमध्ये नर्मदेच्या परिसरात सापडलेल्या जीवाश्मांवरून शास्त्रज्ञांनी २००३मध्ये राजासॉरस नर्मदेन्सिस या डायनासोरचे वर्णन प्रसिद्ध केले होते. त्यानंतर तिला ती राइड दुसऱ्यांदा घ्यायची होती.

खोपोली आणि कर्जत परिसरात कमी दरांची हॉटेले व रिसॉर्ट बरीच आहेत आणि पैसे वाचवण्यासाठी तिकडे वळण्याचा मोह होतो. या प्रवासापुरते बोलायचे तर तो पर्याय मला पटत नाही. पार्कपासून दूर असलेल्या खोलीत दुपारी झोपायला जायचे म्हणजे वाहनतळ, वीस-तीस मिनिटांचा रस्ता आणि पुन्हा तोच फेरा. ज्या दोन तासांसाठी पैसे मोजायचे ते रस्त्यातच जातात. त्यापेक्षा घरी परतणे बरे. दुपारी बाहेर पडून पुन्हा आत यायचे असेल तर त्याच तिकिटावर प्रवेश मिळतो का, हे तिकीट घेतानाच विचारून घ्यावे आणि हातावर शिक्का किंवा पट्टा मिळत असेल तर तो मुलांनी काढून टाकू नये याकडे लक्ष ठेवावे.

हंगामाबद्दल थोडक्यात सांगते. मे महिन्यात फरशी तापते आणि वॉटर पार्कला तुडुंब गर्दी असते. जुलैत खोपोलीचा पाऊस जोरदार असतो आणि मोकळ्यावरच्या मोठ्या राइड मुसळधार पावसात थांबवल्या जातात, मात्र बंदिस्त राइड चालू राहतात आणि गर्दी कमी असते. नाताळच्या सुट्टीपूर्वीचे डिसेंबरमधले कामाचे दिवस सर्वांत चांगले. शाळेची एखादी रजा त्यासाठी खर्ची घालायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी पार्क उघडण्यापूर्वीचा वेळ मोकळा असतो, आणि त्याचा उपयोग सासूबाईंनी सुचवला. अष्टविनायकांपैकी महडचा वरदविनायक खोपोलीजवळच आहे आणि पालीचा बल्लाळेश्वर पार्कच्याच रस्त्याने पुढे गेल्यावर लागतो. महडचे दर्शन सकाळी लवकर आटोपून नाश्त्याला हॉटेलात परतता येते. पालीला मात्र वेळ अधिक लागतो, तेव्हा ते परतीच्या दिवशी करायचे असेल तर पार्कातून दुपारी चारलाच निघावे. रविवारी संध्याकाळी लोणावळ्याहून मुंबईकडे येणारी सारी वाहने घाट उतरून याच मार्गावर येतात आणि कळंबोलीपर्यंत वेग मंदावतो. त्यामुळे रविवारी परतणाऱ्यांनी एकतर पाचच्या आत निघावे किंवा पार्क बंद होईपर्यंत थांबून, तेथेच मुलांना जेवू घालून, नऊनंतर गाडी काढावी.